खोड आधी, टायर मग

परवा शहाद्याच्या मुकेशने आमच्या गाडीखाली वाकून चारही चाकांवर हात फिरवला आणि उठताना म्हणाला, "सर, नाल घासले." टायरला नाल म्हणणारा मुकेश हा जगातला एकमेव टायरवाला असावा. ही भाषा त्याला शिकवली माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे सारंगखेड्याच्या आबांनी. "कोणते टाकू?" असं त्याने पुढे विचारलं, तेव्हा मी गाडीच्या मधल्या सीटकडे बघत उभा राहिलो. मुकेशही तिकडेच बघत होता.

आबांची शेती तापीकाठची, केळी आणि कापसाची. पण शेतकरी म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. त्यांची खरी ओळख सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली. आबांकडे स्वतःची दोन-चारच जनावरं असायची. पण जत्रेत कुणाला घोडं घ्यायचं असलं की तो आधी आबांना शोधत यायचा. आबा घोड्याच्या तोंडाकडे बघतच नसत. सरळ उकिडवे बसायचे, एकेक पाय उचलून खूर अंगठ्याने दाबायचे, मग मालकाला जनावर कडक जमिनीवर चालवायला सांगायचे आणि स्वतः डोळे मिटून टापा ऐकायचे. तोवर घेणारा बिचारा शेपटी, आयाळ, भोवरे बघून प्रेमात पडलेला असायचा. त्याला आबा म्हणायचे, "जो तोंड देखीसन घोडं लेस, तो जलमभर पायी चालस."

या कसोटीतून मीही गेलोय. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी चेहऱ्यावर बरीच मेहनत घेतली होती. मित्राचा गॉगल खिशात दिसेल असा ठेवला होता. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. चहा होईपर्यंत ते ओट्याखाली काढून ठेवलेल्या माझ्या चपलांकडे बघत होते. पुढे लग्न ठरलं आणि सुनंदाकडून कळलं की आत जाऊन त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "चाल वाकडी शे, पन घसरनारा नही." अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून इतक्या वर्षांत जी प्रशस्तिपत्रं मिळाली, त्यांत एवढं नेमकं एकही नव्हतं.

आबांचा दुसरा नेम त्याहून विचित्र होता. स्वतःचं जनावर विकताना ते त्याची खोड गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगून टाकायचे, तीही चार माणसांत, मोठ्याने. एकदा त्यांनी एक देखणी घोडी बाजारात आणली. गुजरातेतला एक बागायतदार तिच्यावरून नजर काढीना. आबांनी त्याला सांगितलं, "हाई घोडी छत्रीले घाबरस. छत्री उघडी का आडवी पळस." तो हसला. म्हणाला, अहो, हे कशाला सांगता, मला काय कळणार होतं? आबा म्हणाले, "तुमले नही, पन पयल्या पावसात तिले कळी." घोडी त्याने घेतलीच, आणि पुढल्या जत्रेला आबांना शोधत पुन्हा आला. खोड आधी, घोडं मंग. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की सुनंदाशी भांडताना आम्ही दोघंही ते वापरतो. फरक इतकाच की तिथे खोड फक्त माझी असते.

आता या सगळ्यात जिजी कुठे होत्या? जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आबांच्या मागे होत्या, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतोय. जत्रेला जाताना, लग्नाकार्याला जाताना, शेतात जाताना आबा पुढे कासरा धरून आणि जिजी मागे. त्यांनी आयुष्यभर आबांच्या पाठीशी गप्पा मारल्या. त्यांचा आवाज बारीक, आणि नवऱ्याला हाक मारायची त्यांची रीत ठरलेली. प्रत्येक वाक्याच्या आधी "आयकं का?" आबा पुढून "हूं" म्हणायचे, वळून बघायचे नाहीत. पण घरी पोचल्यावर जिजींनी वाटेत सांगितलेलं एकूणएक काम झालेलं असायचं.

चाळिशी उलटल्यावर माणसं काय काय करतात! कुणी केस रंगवतो, कुणी ट्रेकला जाऊन गुडघा मोडून घेतो. मी एसयूव्ही घेतली. सात सीटची, एकाच मालकाने वापरलेली, कॅरिअरसकट. सोबत तंबू, घडीच्या खुर्च्या, गॅसची छोटी शेगडी. मोबाईलवर कॅम्पिंगचे व्हिडिओ बघून बघून माझी खात्री पटली होती की आमच्या कुटुंबाचं सुख हे घराबाहेर कुठेतरी आहे आणि तिथे फक्त चांगल्या टायरची गाडी पोचते. पहिला मुक्काम तोरणमाळला, यशवंत तलावाकाठी, हेही ठरवून टाकलं. गंमत म्हणजे या कल्पनेला घरात सगळ्यात आधी पाठिंबा दिला जिजींनी. सारंगखेड्याच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या गच्चीवरून, सातपुडा रोज समोर दिसतो, पण वर तोरणमाळला त्या कधी गेल्या नव्हत्या. दरवर्षी आबा म्हणायचे, "जत्रा व्हवू दे, मंग जाऊत." जत्रा व्हायची आणि घोडी व्यायची, नाहीतर केळी कापायला यायची. तंबूचं म्हणाल तर जत्रेतल्या राहुटीत तीन दगडांच्या चुलीवर त्यांनी जन्मभर भाकऱ्या भाजल्या होत्या. मी ज्याला मोठ्या ऐटीत कॅम्पिंग म्हणत होतो ते त्यांना माहेरासारखं होतं.

गाडी दाखवायला नेली तेव्हा आबा तिच्यापुढे उकिडवे बसले. सनरूफ, स्क्रीन, मागचा कॅमेरा, कशाकशाकडे म्हणून बघितलं नाही. जुन्या टायरमध्ये नख घातलं आणि म्हणाले, "जवाईबापू, गाडी तुम्ही लिधी, नाल आम्ही ठोकसूत." म्हणजे नवीन टायर सासऱ्यांचा आहेर. जावई म्हणून मी एकदा नको म्हणालो, आणि दुसऱ्यांदा म्हणणार नाही याची काळजी घेतली.

मुकेशच्या दुकानात जायच्या आधी मी महिनाभर अभ्यास केला होता. टायरचे ढोबळ तीन प्रकार मला पाठ झाले होते. एक फक्त डांबरी रस्त्याचे, गुळगुळीत वळणाचे आणि शांत. दुसरे ऑल टेरेन, म्हणजे रस्त्यावरही चालतील आणि कच्च्यातही. त्यांतही पुन्हा मवाळ आणि जहाल. मवाळांची नक्षी दाट, जहालांचे गट्टू मोठे आणि दूर दूर, चिखल पकडायला. तिसरे निव्वळ चिखलाचे. मी मुकेशला एक छोटं व्याख्यान दिलं: आपलं जाणं सत्तर टक्के डांबरावर, तीस टक्के बिगर-डांबरावर, घाटात ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला पाहिजे, फार जाड टायर घेतला तर डिझेल जास्त पितो. मुकेश कंटाळला असेल, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "सर, तुम्हाला मवाळ ऑल टेरेन," तो म्हणाला, "माझ्या स्वतःच्या गाडीला तेच आहेत."

"चालवी दाखाड," आबा म्हणाले.

टायर चालवून कसा दाखवायचा? पण आबा दुकानासमोरच्या सिमेंट रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभेच राहिले. शेवटी आधी माझी गाडी त्यांच्यासमोरून गेली, जुन्या रस्त्याच्या टायरांवर. आबांनी मान हलवली. "मुका शे." मग मुकेशची गेली. मला तिचा घूं घूं आवाज नीट ऐकू आला. आबा म्हणाले, "हाऊ बी मुका. मुका पाय, लंगडा पाय." मी आणि मुकेशने एकमेकांकडे पाहिलं. एवढ्यात ऊसतोडीच्या एका ठेकेदाराची जीप अलाइनमेंट करून बाहेर पडली, जहाल गट्टूंची. ती गेली तशी रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीवरच्या कुत्र्याने मान वर केली. आबांनी डोळे उघडले. चेहरा फुलला होता. "हाऊ वाजस!"

मी सत्तर-तीसचं गणित पुन्हा काढलं. आबा ऐकायला तयार नाहीत. टाप वाजली पाहिजे. खांद्यावरचा रुमाल त्यांनी मुकेशच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली. घोडेबाजारात भाव असाच होतो. तोंडाने नाही, रुमालाखाली बोटांनी, बघणाऱ्याला कळू न देता. मुकेशला यातलं काय माहीत? चार गिऱ्हाइकांसमोर एक म्हातारा रुमालाखाली आपला हात धरून डोळ्यांत डोळे घालून बघतोय म्हटल्यावर तो आधी लाजला, मग "बाबा, बाबा" करत त्याने आदराने आबांचा पूर्ण पंजा दोन्ही हातांनी घट्ट दाबला. बाजारात पूर्ण पंजा दाबला की सौदा पक्का.

"झाया सौदा," आबा म्हणाले, आणि रुमाल झटकला. जहाल टायर बसले.

पहिली चाचणी म्हणून आबा-जिजींना घेऊन आम्ही कोरीटला निघालो, तिथे सुनंदाच्या चुलत बहिणीचं सासर आहे. आबा नेहमीप्रमाणे पुढे, माझ्या शेजारी. जिजी मागे. डांबरी रस्त्यावर गाडीने जरा वेग घेतला आणि टायर गायला लागले. गायला म्हणजे काय, विमान उडायच्या आधी जसा आवाज होतो तसा, फक्त उडत काही नव्हतं. आबा मांडीवर ताल धरून बसले होते.

अर्ध्या वाटेवर मागून जिजींचा आवाज आला. "आयकं का?" आबा समोर बघत होते. "आयकं का? आपला लिंब तोडी टाका!"

मला ऐकू आलं. रस्ता रुंद करताना कडेची झाडं तोडली होती, त्यांत त्यांचा लिंबही गेला होता, नुसती बुंध्यांची रांग दिसत होती. ह्या कडुलिंबाची गोष्ट मला सुनंदाने सांगितली होती. लग्न लागल्यावर वऱ्हाड परत येताना याच लिंबाखाली बैल सोडले होते, आणि नवऱ्याचं तोंड जिजींनी पहिल्यांदा उजेडात पाहिलं ते तिथे.

"हां," आबा म्हणाले, "वाजस ना मस्त?"

मी आरशात पाहिलं. जिजींनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. कोरीटला शेताच्या काळ्या चिखलातून टायरांनी गाडी अशी काही काढली की आबांनी मला दोनदा टाळी दिली. परतीच्या वाटेवर जिजी एक शब्द बोलल्या नाहीत.

सारंगखेड्याला ओट्यावर चहा घेताना मी तोरणमाळचा दिवस ठरवायला लागलो. जिजी कपबशी खाली ठेवत म्हणाल्या, "तुम्ही जाई या. मी नही येत."

"काबर?" आबा.

"त्या गाडीमा मी एकली बठस."

"एकली? आम्ही सगळा व्हतूत ना!"

जिजी उठल्या. कप गोळा केले आणि आत गेल्या. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, मी ओट्याखालच्या चपलांकडे पाहिलं. आबा बराच वेळ गाडीच्या चाकांकडे बघत बसले होते. मग आतून जिजींनी काहीतरी विचारलं. ते वळले नाहीत. पुन्हा विचारलं, तेव्हा सुनंदा म्हणाली, "आबा, जिजी विचारी ऱ्हायनी, भाकर खासात का?" आबांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं. घोड्याचा पाय उचलल्यावर जसे बघायचे तसे. फक्त या वेळी पाय कुणाचा, ते त्यांना कळलं असावं.

आठवड्याने त्यांचा फोन. मुकेशकडे जायचंय. जिजींनाही घ्या.

आता हे सोपं नव्हतं. पंजा दाबून झालेला सौदा आबांनी हयातीत मोडला नव्हता. बाजारात लोक आबांकडे कशामुळे येत? त्यांच्या शब्दामुळे. मी वाटेत एक सोयीची युक्ती सुचवली, कारण युक्त्या सुचवणं हा आम्हा नोकरदारांचा जोडधंदा. म्हटलं, "आबा, आपण सांगू टायर जास्तच आवाज करतात, काहीतरी दोष असेल. मुकेश कंपनीला कळवेल, बदलून देईल." हे मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. आबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गाडी एका खड्ड्यात घातली.

"मन्ही खोड दुसराना जनावरवर टाकू?"

दुकानात गर्दी होती. ठेकेदारही होता, त्याच्या एका चाकाचं पंक्चर निघत होतं. आबा मधोमध उभे राहिले, खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि बाजारात बोलायचे तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मुकेश, टायरमा खोड नही. टायर चांगला शे. खोड मन्हा कानमा शे. डावा गया, उजवा अर्धा शे. मी दपाडी ठेवेल व्हती."

आबांनी लपवलेली ही पहिलीच खोड. कॉम्प्रेसर सुरू होता तो कुणीतरी बंद केला. जिजी गाडीत बसल्या होत्या, काच खाली होती. त्यांनी तोंडाला पदर लावला.

आबांना आता थांबायचं नव्हतं. "माले दोन गाड्या मुक्या वाटन्यात, त्या मुक्या नव्हत्यात. जो वाजना तोच माले आयकू उना, म्हनीसन तोच लिधा. सौदा मी मोडी ऱ्हायनू. तू नही म्हनशी तरी मन्हं काई म्हननं नही."

मुकेश काउंटरच्या बाहेर आला. त्याने काय करावं? त्याने आबांच्या हातातला रुमाल घेतला, आबांच्या हातावर टाकला आणि त्याखाली हात घातला. बोटांची भाषा त्याला अजूनही येत नव्हती. त्याने नुसता हात धरून ठेवला. "बाबा, माझ्या गाडीत बसा," तो म्हणाला. "जिजींना मागे बसवा."

आम्ही बायपासला निघालो. मुकेश चालवत होता, आबा पुढे, जिजी मुकेशच्या मागे, म्हणजे आबांच्या उजव्या कानाच्या बाजूला. मी त्यांच्या शेजारी. मवाळ टायरांची घूं घूं सुरू झाली. आबा म्हणाले, "बोल."

आयुष्यभर पाठीशी बोललेल्या बाईला नवरा पहिल्यांदाच म्हणत होता की बोल. जिजींनी पदर सावरला. दोन-तीनदा तोंड उघडून मिटलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आते काय बोलू?"

"काय बोलू म्हनी ऱ्हायनी ना?" आबा सीटवरच उडाले. "मुकेश, बस! हाऊच टायर!"

मुकेश इतका हसला की गाडी हलली. जिजीही हसल्या, पदराआडून. आणि हसू ओसरल्यावर, पुढच्या वळणावर, त्या हळूच म्हणाल्या, "आयकं का? आपला लिंब तोडी टाका."

"कोनता?" आबांनी विचारलं. "कोरीटना रस्तावरला?"

"हां."

"माले काबर नही सांगं?"

"सांगं व्हतं," जिजी म्हणाल्या.

परत दुकान येईपर्यंत टायरांचा आवाज तेवढा येत होता, आणि तो फार नव्हता.

आमच्या गाडीला मवाळ टायर बसले, आणि जहाल त्या ठेकेदारानेच घेतले. पण आबांनी त्याला आधी पुढ्यात उभं करून सांगितलं, "हाऊ टायर भू वाजस. घरनी लक्ष्मी मागे बठनार व्हई, ते लेऊ नको." ठेकेदार म्हणाला, बाबा, माझ्या मागे फक्त ऊस बसतो. सुनंदाने कानाच्या मशीनचा विषय काढला. आबा म्हणाले, "कानले बी नाल ठोकू?" पण तोरणमाळहून आल्यावर मुकाट ठोकून घेतला. तो बऱ्याचदा सदऱ्याच्या खिशात असायचा, ही गोष्ट वेगळी.

तोरणमाळला निघायच्या दिवशी मी गाडीचं पुढचं दार आबांसाठी उघडून धरलं. त्यांनी ते बंद केलं आणि मधल्या सीटवर जाऊन बसले, जिजींच्या डाव्या हाताला. जन्मभर पुढे बसलेला माणूस. सुनंदा माझ्या शेजारी आली. म्हसावद गेलं, घाटाची वळणं सुरू झाली, ओल्या रस्त्यावर गाडी न कुरकुरता चढत होती, आणि मागून सारखं चाललं होतं: आयकं का, हूं, आयकं का, हूं. मध्येच आबांचं, "खरं?"

तलावाकाठी तंबूने माझी लाज काढली. डब्यावर लिहिलं होतं की तो दोन मिनिटांत उभा राहतो. तो राहतही असेल, पण आमच्यासमोर नाही. आबांनी राहुट्यांचा अनुभव पणाला लावला, पण त्या वाकणाऱ्या काड्या त्यांनाही उमगल्या नाहीत. शेवटी त्यांनी सोबत आणलेला केळीच्या गाडीचा दोर काढून तंबूचं एक टोक आमच्या कॅरिअरला बांधलं. जिजी म्हणाल्या, हा तंबू आहे का लंगडं घोडं? त्यातच झोपलो, आणि बरं झोपलो.

पुढच्या जत्रेला आबा नव्हते. आजार, दवाखाना, ते सगळं झालं. त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला ते दिसतात ते त्या तोरणमाळच्या सकाळचे. तलावावर धुकं होतं. मी शेगडीवर चहा ठेवला होता. पलीकडे पाण्याजवळ माझ्या त्या घडीच्या दोन खुर्च्या, एकीत जिजी, एकीत आबा. आबांनी खुर्ची फिरवून घेतली होती, उजवा कान जिजींकडे आणि तोंडही. जिजी काहीतरी लांबलचक सांगत होत्या, हातवारे करून, मध्येच एक हात उंच धरून, झाडाएवढा. आबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

चहा उकळला. मी हाक मारली, "आबा, चहा!"

त्यांना ऐकू आलं नाही. मी गॅस बारीक केला आणि चहावर झाकण ठेवलं.